गहाण पडलेला खोडरबर

पुण्यात पाटबंधारे खात्याच्या कचेरीत एक आरेखक होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. अनुरेखक म्हणून लागले, आरेखक म्हणून बढती मिळाली आणि ३४ वर्षांनी शाल-नारळ घेऊन घरी आले. एवढ्या वर्षांत त्यांनी धरणांचे, सांडव्यांचे, कालव्यांचे शेकडो नकाशे शाईत उतरवले. रेघ एकसारखी, कोपरा काटकोनात, अक्षर छापल्यासारखं. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ केसभर जरी सरकली, तरी दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं घेऊन ते ती अशी खरवडत की साहेबांना भिंग लावूनही डाग सापडू नये. अमोनिया प्रिंटच्या उग्र वासाने भरलेल्या त्या खोलीत नवीन पोरांना ‘भाऊंसारखी रेघ काढा’ असं सांगितलं जाई. मात्र आपण काढलेल्या एकाही कालव्यातून पाणी वाहताना भाऊंनी कधी पाहिलं नव्हतं. नकाशा बिनचूक असला की पाणी आपोआप वाहतं, यावर त्यांची श्रद्धा होती.

निवृत्तीनंतर चित्रं काढायची, हे त्यांचं फार दिवसांपासून ठरलेलं. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा त्यांनी दिल्या होत्या. प्रमाणपत्रं अजून कपाटात होती. श्रावणातल्या एका सकाळी ते अप्पा बळवंत चौकात गेले आणि जाड कागदाची वही, टूएचपासून सिक्सबीपर्यंत पेन्सिली, घडीचं स्टूल आणि दोन खोडरबर घेऊन आले. एक वापरायला, एक हरवला तर.

पहिलं चित्र महात्मा फुले मंडईचं काढायचं ठरलं. दगडी, अष्टकोनी, मधोमध उंच मनोरा. कामाला हात घालण्याआधी भाऊंनी सवयीप्रमाणे माहिती गोळा केली. इमारत १८८० च्या दशकातली. तेव्हाच्या गव्हर्नराच्या नावावरून तिचं नाव रे मार्केट. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाला लावा म्हणाले होते; आणि पुढे त्यांचंच नाव मंडईला लागलं. हे सगळं त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं. आता चित्र काढणं तेवढं राहिलं होतं.

मंडईबाहेर पालेभाजी, मिरच्या, लिंबं घेऊन बसणाऱ्या एका मावशींच्या शेजारी सावली होती. भाऊंनी तिथे स्टूल मांडलं. तीन सकाळी लागल्या. पट्टी घरी ठेवली होती, पण त्यांच्या हातात जी पट्टी मुरली होती ती घरी ठेवता येण्यासारखी नव्हती. खिडक्या मोजून काढल्या, कमानी मोजून काढल्या, दगडांचे सांधेसुद्धा सोडले नाहीत. तिसऱ्या दिवशी काम संपलं आणि त्यांनी वही मावशींपुढे धरली.

मावशींनी ओले हात पदराला पुसले, वही लांब धरली, जवळ धरली.

“चांगलं काढलंय की ओ. पन भाऊ, मंडई बंद हाय व्हय?”

“बंद? नाही, चालूच आहे.”

“मग मानसं कुठं गेली?”

भाऊंनी वहीकडे बघितलं. सुटीच्या दिवशी, कर्फ्यू लागल्यावर दिसावी तशी मंडई कागदावर उभी होती. तीन सकाळी त्यांच्या अंगावरून शेकडो माणसं गेली होती, एका हमालाने तर ‘बाजू, बाजू’ म्हणत त्यांचं स्टूलही सरकवलं होतं. त्यातलं कोणीच आत आलं नव्हतं.

मग भाऊंनी माणसं काढायला घेतली आणि तिथे खरी पंचाईत झाली. कमान जागेवर उभी राहते, गिऱ्हाईक राहत नाही. एक गृहस्थ कोथिंबिरीची जुडी हुंगत उभे होते. भाऊंनी कानापासून सुरुवात केली. कान हा गुंतागुंतीचा भाग, तो एकदा साधला की पुढचं सोपं, असा हिशेब. कान पुरा होईपर्यंत ते गृहस्थ दगडूशेठचं दर्शन घेऊन घरी पोचले असावेत. आठवड्याच्या शेवटी वहीत ११ कान, ४ नाकं आणि एक कोल्हापुरी चप्पल जमली. एकदा धीर करून त्यांनी एका बाईंना विनंती केली, “जरा दोन मिनिटं अशाच उभ्या राहता का?” बाई पुण्याच्याच. म्हणाल्या, “राहते की. तोवर मेथी तुम्ही निवडून ठेवा.”

दर दोन रेघांना खोडरबर चाले. त्याचा काळा चुरा वाऱ्याने शेजारी उडू लागला. शेवटी मावशींनाच तोंड उघडावं लागलं. “भाऊ, काय बी पुसा, पन माझ्या कोथमिरीवर नगा झटकू.”

*

त्याच सुमाराला तिथे एक मास्तर येऊ लागले. खांद्याला शबनम, हातात कापडी पिशवी. ३० वर्षं शाळेत चित्रकला शिकवून तेही निवृत्त झालेले. मावशींनी त्यांच्यासाठी मिरच्या तोलायला घेतल्या की ते शबनममधून जुनी लग्नपत्रिका काढत, तिच्या कोऱ्या पाठीवर शाईपेनाने काहीतरी करत, आणि पैसे देऊन चालू लागत.

दोन दिवस भाऊंनी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी मान लांब करून पाहिलं. पत्रिकेवर गिरगोट्या होत्या. डोकं म्हणजे एक वळसा. डोळे नाहीत, बोटं नाहीत. रेघ एका जागी तीन-तीनदा गेलेली, कुठे अर्ध्यात सुटलेली. कचेरीत असा कागद कुणी टेबलावर ठेवला असता तर भाऊंनी त्याला घरी पाठवलं असतं. त्यांनी नजर काढून घेतली. मग, का कोण जाणे, पुन्हा पाहिलं. त्या गिरगोट्यांत मावशी बसल्या होत्या. काट्यावरचा आकडा वाचताना त्या हनुवटी उचलून डोळे बारीक करत, ते तिथे होतं. डोळे न काढता होतं.

“हे पूर्ण कधी करता?” भाऊंनी विचारलं.

“झालं की,” मास्तर म्हणाले. “मिरच्याही झाल्या.”

भाऊंनी आपली वही पुढे केली. मास्तरांनी मंडई पाहिली, मग कानांचं पान उघडून तिथेच थांबले.

“हा कान सुरेख उतरलाय. कुणाचा?”

“होते एक गृहस्थ.”

“कसे होते? बारीक? वाकलेले? घाईत होते?”

भाऊंना सांगता येईना.

“तुम्ही पंधरा-वीस मिनिटं बघत असाल ना त्यांच्याकडे?”

“त्यांच्याकडे कुठलं? मी कागदाकडे—” भाऊ बोलता बोलता थांबले.

मास्तर हसले नाहीत. म्हणाले, “अहो, मी आयुष्यभर स्मरणचित्रं तपासली. ‘भाजी मंडई’ हा विषय आला की पोरं मंडईचं तोंड न बघता मंडई काढतात. तीच आजी, तीच छत्री, तोच टोमॅटोचा ढीग. त्यांचं एक वेळ समजतं, ती वर्गात बसलेली असतात. तुम्ही मंडईत बसून स्मरणचित्र काढताय.”

भाऊंना राग आला. पण राग आला तरी उत्तर येत नव्हतं, म्हणून त्यांनी विचारलं, “मग काय करावं?”

“आधी ते खोडरबर इकडे द्या. दोन्ही.”

मास्तरांनी दोन्ही खोडरबर मावशींपुढे ठेवले. “मावशी, हे गहाण ठेवून घ्या. दिवाळीला सोडवून नेतील.”

मावशींनी गल्ल्याचा पत्र्याचा डबा उघडला आणि ते चिल्लरमध्ये टाकले. “व्याज लागंल बरं का,” त्या म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. फी एकच होती. मास्तरांची पिशवी रिक्षापर्यंत पोचवायची.

पहिला धडा असा की कागदाकडे बघायचंच नाही. “त्या पाठमोऱ्या माणसाच्या टोपीपासून निघा,” मास्तर म्हणाले. “तुमची नजर म्हणजे मुंगी समजा. मुंगी टोपीवरून मानेवर उतरेल, मानेवरून खांद्यावर. ती जितकी चालेल तितकीच पेन्सिल चालेल. मुंगी उडी मारत नाही. आणि तुम्ही खाली बघायचं नाही.”

भाऊंनी तसं केलं. संपल्यावर खाली पाहिलं तर टोपी एका गावाला आणि खांदा दुसऱ्या. त्यांनी झटकन हात ठेवून पान झाकलं.

“झाकता कशाला? हे चित्र म्हणून काढलेलं नाही. डोळ्याची तालीम आहे. आता सांगा, त्या माणसाचा कुठला खांदा खाली होता?”

“डावा,” भाऊ लगेच म्हणाले. “डाव्या हातात जड पिशवी होती.” आणि आपल्याला हे माहीत आहे याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

दुसरा धडा वेळेचा. मावशींनी भाजी काट्यावर टाकल्यापासून पिशवीत ओतेपर्यंत, तेवढ्यात माणूस उतरवायचा. पेन्सिल लिहिताना धरतात तशी टोकाशी धरायची नाही. मागे, शेपटाजवळ धरायची, म्हणजे बोटं फार लुडबुड करू शकत नाहीत आणि रेघ कोपरातून, खांद्यातून निघते. नाक, डोळे, गुंड्या यांना बंदी. “आधी भार कुठे आहे ते शोधा. उभा माणूस कुठल्या पायावर उभा आहे? बसलेली बाई कुठल्या हातावर रेललीय? डोक्यापासून त्या भारापर्यंत एक रेघ. बाकीचं तिच्यावर टांगायचं.”

“आणि रेघ चुकली तर?”

“राहू द्या. तिच्यावरच दुसरी काढा, तिसरी काढा. चुकलेली रेघ डोळ्यापुढे आहे म्हणून तर बरोबर रेघ कुठे हवी ते कळतं. ती पुसलीत की कागद कोरा, आणि हात पुन्हा तिथेच जाऊन चुकतो.”

हे ऐकताना भाऊंना ३४ वर्षांत खरवडलेल्या सगळ्या रेघा आठवल्या.

तिसरा धडा अर्ध्या मिटल्या डोळ्यांचा. डोळे किलकिले केले की बारकावे पुसट होतात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात. मावशींची छत्री, तिच्याखालची सावली, सावलीत बुडालेली पाटी, या तीन वस्तू नसून एकच गडद डाग आहे, हे भाऊंना त्या दिवशी कळलं. कमरेवर हात ठेवून भाव करणारी बाई काढायची तर हात काढण्याऐवजी हात आणि कंबर यांच्यामधला रिकामा त्रिकोण काढा, असंही मास्तर म्हणाले. हे मात्र भाऊंना पटकन जमलं. त्रिकोणांशी त्यांची जुनी ओळख होती.

मास्तर कधी कधी आपल्या शिकण्याच्या दिवसांत शिरत. ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये होते. तिथे त्यांना स्केचिंगला पाठवत ते व्हीटी स्टेशनवर नाहीतर क्रॉफर्ड मार्केटात. “फलाटावर माणूस बाकावर पेंगतोय म्हणून आपण बसावं, तर गाडी लागायची आणि माणूस गायब. शंभर अर्धवट माणसं जमली तेव्हा कुठे एक पुरं उतरलं. मार्केटच्या दारावरची शिल्पं पाहिलीत? लॉकवूड किपलिंगची रचना. तो जे. जे.तलाच मास्तर. तोही वही घेऊन हिंडायचा. विणकर, सुतार, लाकडावर नक्षी कोरणारे, जो भेटेल तो हातातल्या कामासकट काढायचा. काम करणारा माणूस तुमच्यासाठी थांबत नाही हो. त्याच्या वेगाने आपण जायचं.”

*

भाद्रपद सरला तोवर भाऊंचा हात सुटला. जरा जास्तच सुटला. सकाळी येत, पान उलटत, सपासप रेघा ओढत. एका सकाळी त्यांनी ४० पानं भरली आणि मास्तरांपुढे ढीग टाकला. रेघा खरोखरच झोकदार होत्या. शेजारच्या लिंबूवाल्याने तर ‘एकदम आर्टिस्ट’ असं म्हटलंही होतं.

मास्तरांनी दहा-बारा पानं उलटली. मग मावशींकडे पाठ करून उभे राहिले आणि भाऊंनाही तसंच उभं केलं.

“मावशींचा काटा त्यांच्या कुठल्या हाताला आहे?”

भाऊ गप्प.

“आज त्यांच्याकडे मेथी आहे की नाही?”

भाऊंनी ढिगातलं एक पान आठवून पाहिलं. त्यात पाटीत काहीतरी हिरवंगार वाटावं अशी झकास गिरगोटी होती. मेथी की पालक, हे त्या गिरगोटीलाही माहीत नव्हतं.

“पूर्वी तुम्ही न बघता सावकाश काढत होता,” मास्तर म्हणाले. “आता न बघता भरभर काढता.”

भाऊंचा चेहरा पडला. मास्तर वळले. “मावशी, पाव किलो मिरची. काट्याकडे न बघता.”

मावशींनी गिऱ्हाइकाशी बोलता बोलताच ढिगात हात घातला आणि मूठभर, मग अर्धी मूठ मिरच्या काट्याच्या ताटलीत टाकल्या. लाल आकडे लुकलुकले आणि २४८ वर थांबले. त्यांनी दोन मिरच्या वर टाकल्या.

“बघा हा हात,” मास्तर म्हणाले. “किती सैल आहे. पण ढिसाळ आहे का?”

“मावशी, हे कसं जमतं?” भाऊंनी विचारलं.

“आता जमतंय. लगीन होऊन आले तवा सासू बसवायची शेजारी. तवा तागडी होती. दर येळी आधी हातात धरून बघायची, मग वजन लावायची, मग पुन्ना हातात धरायची. किती चुकलं ते ध्यानात ठेवायचं. दोन-तीन वर्सं नुसतं त्येच.” मावशी थांबल्या आणि हसल्या. “आन् भाऊ, सैल हाताचं काय, कुनाचा बी सैल व्हतोय. कमी पडलं तर गिऱ्हाईक वरडतंय, जास्त पडलं तर आपलं जातंय.”

घरी जाताना भाऊंच्या डोक्यात तो २४८ चा आकडा घोळत राहिला. कचेरीत त्यांनी सैल आणि ढिसाळ हे शब्द एकाच अर्थाने वापरले होते. बैलाचा कासरा सैल सोडतात, पण हातातून सोडत नाहीत. त्या ४० पानांत त्यांनी कासराच सोडून दिला होता.

*

नवरात्रात मास्तर एक जुनं, कडा झिजलेलं पुस्तक घेऊन आले आणि शबनममधून एक बोरूही काढला. आपणच तासलेला.

“हा तुमच्यासाठी. पुसायची सोयच नाही याच्यात. आणि हे बघा.”

पुस्तकात रेम्ब्रांटचं एक रेखाटन छापलं होतं. सतराव्या शतकाच्या मध्यावरचं, मूळ कागद लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. छोटंसं पोर पहिली पावलं टाकतंय. दोन्ही बाजूंनी दोन बायकांनी त्याला धरलंय. समोर एक माणूस उकिडवा बसून हात पुढे करतोय. मागून एक गवळण दुधाची बादली घेऊन चाललीय. सगळं मिळून मोजक्या तपकिरी रेघा.

“हा माणूसही आपल्या बोरूसारखीच तासलेली लेखणी वापरायचा,” मास्तर म्हणाले. “आता या गवळणीकडे बघा. बादली भरलेली आहे की रिकामी?”

“भरलेली.” भाऊंना विचार करावा लागला नाही.

“कशावरून? दूध तर दिसत नाही.”

भाऊंनी पुस्तक जवळ घेतलं. बादलीकडे कललेलं अंग, दुसऱ्या बाजूला तोल सावरायला सुटलेला हात. भार कागदावर होता. मूल चालताना पडेल की काय, ही त्याला धरणाऱ्या बायकांच्या पाठीतली काळजीही होती. आणि एवढं सगळं होतं, तरी चेहरे जवळजवळ नव्हतेच.

“याने भरभर काढलं असेल, खरं आहे,” मास्तर म्हणाले. “पण त्याआधी किती वर्षं तो चालणाऱ्या पोरांकडे आणि वाकलेल्या बायकांकडे बघत बसला असेल?”

भाऊंनी शाईची बाटली लिंबांच्या वाट्यात खोचून उभी केली. बोरूची रेघ त्यांच्या मनाप्रमाणे जाईना. शाई भरलेली असली की गडद, संपत आली की कोरडी, खरखरीत. पण त्या खरखरीतून पोत्याचं पोतपण आपोआप येत होतं. दिवसाला ते आता पाच-सहाच पानं करत, आणि प्रत्येक पानाआधी बराच वेळ बोरू खाली ठेवून नुसते बसत.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईत पाय ठेवायला जागा नव्हती. झेंडूचे ढीग टिळकांच्या पुतळ्यापर्यंत लागले होते, आपट्याच्या फांद्या पायांत येत होत्या. मावशींनीही आज झेंडू लावला होता. सकाळी दहाला टेम्पोवाल्याने फुलांची भरलेली पाटी त्यांच्यापासून चार हातांवर टाकली आणि तो निघून गेला.

मावशी उठल्या. पाटीशी गेल्या. उचलण्याआधी त्यांनी उजवा हात क्षणभर कमरेच्या मागे दाबून धरला, डोळे मिटले, मग गुडघे न वाकवता, एका कुशीवर होत पाटीला हात घातला.

भाऊंचा बोरू तोवर कागदावर फिरला होता. एक लांब रेघ मानेपासून कमरेपर्यंत. कमरेला तिच्यावरच दुसरी, जरा बाहेर. मागे दाबलेला हात. पदराचा कोपरा. पाटीची अर्धीच कड. सहा-सात रेघा झाल्या असतील.

आणि बोरू थांबला. आपण इथे दोन महिने बसतोय, भाऊंच्या मनात आलं, रोज ही बाई अशी पाटी उचलते, आणि रोज आधी कमरेवर हात ठेवते. ते चित्र पुरं करायला बसले नाहीत. वही स्टुलावर टाकून उठले, पाटीची दुसरी कड धरली आणि म्हणाले, “मावशी, थांबा. दोघं मिळून उचलू.”

पाटी जागेवर आल्यावर मावशींनी घाम पुसला. स्टुलावरची वही उघडीच होती. त्यांनी वाकून पाहिलं.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तोंड न्हाई काढलं, तरी मीच की ओ ही.” पुन्हा पाहिलं. “भाऊ, माझी पाठ दुखतीया ते तुमास्नी कुनी सांगितलं? मी घरात बी बोलले न्हाई कुनाला.”

“तुम्हीच सांगितलंत,” भाऊ म्हणाले.

संध्याकाळी मास्तर आपट्याची पानं घ्यायला आले. भाऊंनी ते पान दाखवलं. मास्तरांनी ते उजेडात धरलं आणि विचारलं, “हे पूर्ण कधी करता?”

“झालं की,” भाऊ म्हणाले. “पाटीही झाली.”

मास्तरांनी भाऊंच्या हातात सोनं ठेवलं. त्या दिवसापासून भाऊ सकाळी नऊऐवजी सातला येऊ लागले, रोजचा भाजीचा टेम्पो यायच्या आधी.

*

धनत्रयोदशीला मावशींनी गल्ल्याचा डबा उघडला. “घ्या तुमचं गहान. येक हाय, दुसरा नातू घेऊन गेला. त्येच व्याज समजा.”

चिल्लरमध्ये घासून खोडरबर काळा पडला होता. भाऊ तो घेऊन घरी आले. त्यांनी वहीतलं पहिलं चित्र उघडलं; बंद मंडई. टूएचच्या पेन्सिलीने मोजून काढलेल्या कमानी, दगडांचे सांधे. हे चित्र फाडावं असं मध्यंतरी त्यांना वाटलं होतं. आता तसं वाटेना. या खिडक्या त्यांनी मोजल्या होत्या, ते मोजणंही वाया गेलेलं नव्हतं.

त्यांनी कमानीखालचा एक तळहाताएवढा भाग पुसला. सावकाश, दगडामागून दगड, कागद पांढरा होईपर्यंत. मग बोरू शाईत बुडवला आणि त्या पांढऱ्या जागेत सहा-सात रेघांत मावशींना बसवलं. आयुष्यभर चुका झाकण्यासाठी वापरलेलं ते हत्यार त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी जागा करून देण्यासाठी वापरलं होतं. मंडई उघडली.

पुढे रब्बीचं आवर्तन सुटल्याची बातमी पेपरात आली तेव्हा भाऊ एसटीने एका गावाला गेले. तिथल्या कालव्याचा छेद त्यांनी ऐन उमेदीत काढला होता. तळाची रुंदी, बाजूंचा उतार, पाण्याची उंची, सगळं त्यांना अजून तोंडपाठ होतं. भरावावर बसून त्यांनी पहिल्यांदा त्यातलं पाणी पाहिलं. ते मधल्या भागात घाईने जात होतं, काठाशी रेंगाळत होतं, एका दगडाशी अडून स्वतःभोवती फिरत होतं. पलीकडे एक बाई धुणं बडवत होती आणि धुण्याचा फेस नकाशात नसलेल्या वाटेने चालला होता. भाऊंनी बराच वेळ नुसतं पाहिलं. मग बोरू काढला.

तात्पर्य सांगायची बोधकथेची रीत आहे, म्हणून सांगतो. हात सैल सोडावा, नजर सोडू नये. आणि दिसलेल्या माणसाच्या हातात जड पाटी असेल, तर चित्र अर्धं टाकून उठावं.